सोळा घरांचा हिशोब

रक्तपेढीत रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. आधी रुग्णाच्या तांबड्या पेशी घेऊन एका नळीत निळं अँटी-ए आणि दुसरीत पिवळं अँटी-बी घालतात आणि पेशींचा गोळा होतो का ते पाहतात. मग उलट्या बाजूने जातात. रुग्णाच्या रक्तातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींत मिसळून बघतात. समजा, पहिल्या दोन नळ्यांत काहीच झालं नाही. नळी हलवली की तळाच्या पेशी धुरासारख्या सुटून वर येतात. म्हणजे गट ओ. सीरमने ए आणि बी पेशींचे गोळे केले, तेही ओ गटाला साजेसंच. पण तिसऱ्या नळीत ओ पेशींचाही घट्ट गोळा झालेला दिसतो. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींना धरत नाही. तंत्रज्ञ नव्या नळ्या, नव्या पेशी घेऊन तपासणी पुन्हा करतो. निकाल तोच. फ्रीजमधल्या ओ गटाच्या पिशव्या एकामागून एक क्रॉसमॅचला लावल्या, तरी एकही जुळत नाही.

अशा रक्ताचं पहिलं वर्णन मुंबईतून झालं. १९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह ‘द लॅन्सेट’मध्ये छोटा शोधलेख प्रसिद्ध केला. या माणसांच्या पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं, आणि ओ गटाच्या पेशींवर हमखास असणारं एच नावाचं द्रव्यसुद्धा नव्हतं. शहराचं नाव पुढे बदललं, पण वैद्यकाच्या पुस्तकांत हा गट जगभर ‘बॉम्बे’ याच नावाने राहिला.

रुग्णाच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, कारण त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आनुवंशिकीच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. या माणसाला आईकडून किंवा वडिलांकडून ए किंवा बी गटाचं जनुक आलेलं असू शकतं, अगदी धडधाकट. ते त्याच्या मुलांत उतरू शकतं. फक्त त्याच्या स्वतःच्या रक्तात ते दिसत नाही. जनुक आहे आणि गुण नाही, असं का होतं? या प्रश्नाचा पाठलाग शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, आणि त्याचा माग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लागला आहे: संततीची मोजणी करून मिळालेल्या, अपेक्षेत न बसणाऱ्या गुणोत्तरांत.

अपेक्षा घालून दिली ती ग्रेगोर मेंडेलने. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत त्याने वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ साली तिथल्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे निष्कर्ष वाचून दाखवले. एकच गुण घेतला तर दुसऱ्या पिढीत तीनास एक. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगात त्याने ७३२४ दाणे मोजले. ५४७४ गोल निघाले, १८५० सुरकुतलेले. दोन गुण एकत्र घेतले तेव्हा ५५६ दाण्यांत गोल-पिवळे ३१५, गोल-हिरवे १०८, सुरकुतलेले-पिवळे १०१ आणि सुरकुतलेले-हिरवे ३२ मिळाले. हेच ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेलं ९:३:३:१.

हे चार आकडे कुठून येतात ते इथे नीट पाहून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. संकरित झाडात दोन जनुकांच्या मिळून चार प्रकारच्या जननपेशी बनतात. चार गुणिले चार, सोळा घरं. नऊ घरांत दोन्ही जनुकांची प्रभावी रूपं असतात, तीन घरांत फक्त पहिल्याचं, तीन घरांत फक्त दुसऱ्याचं, आणि एका घरात एकाचंही नाही. ही वाटणी जननपेशी तयार होतानाच होते. पुढे झाडात काय घडतं याच्याशी तिचा संबंध नाही. दाण्याचा आकार आणि दाण्याचा रंग एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, म्हणून मेंडेलला चारही गट सुटे दिसले.

त्याच निबंधात मेंडेलने आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे, आणि वर्गात ते सहसा सांगितलं जात नाही. घेवड्याच्या पांढऱ्या आणि जांभळट लाल फुलांच्या दोन जातींचा त्याने संकर केला. दुसऱ्या पिढीत फुललेल्या ३१ झाडांपैकी पांढरं फूल फक्त एकावर आलं, बाकीच्यांवर लालापासून फिकट जांभळ्यापर्यंत छटा. चारात एक सोडाच, सोळात एकही धड नाही. मेंडेल गडबडला नाही. फुलाचा रंग दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांनी मिळून बनत असेल, तर नियम न मोडता असे आकडे येऊ शकतात, असं त्याने सुचवलं. मला मेंडेलबद्दल सर्वांत जास्त आदर या परिच्छेदामुळे वाटतो. मनासारखे आकडे मिळालेला माणूस नको असलेले आकडेही तितक्याच शांतपणे छापतो, आणि त्यांचा अर्थही जवळजवळ बरोबर लावतो.

१९०० साली मेंडेलचं काम पुन्हा उजेडात आलं आणि केंब्रिजच्या विल्यम बेटसनने ते अंगावर घेतलं. ‘जेनेटिक्स’ हे नाव त्याचंच. त्याच्याभोवती रेजिनाल्ड पनेट आणि एडिथ साँडर्स असे सहकारी होते. कोंबड्या पाळायच्या, वाटाणे लावायचे आणि मोजत राहायचं, असा त्यांचा दिनक्रम होता.

कोंबड्याच्या तुऱ्यापासून सुरुवात करू. वायनडॉट जातीचा तुरा पसरट आणि बारीक गाठींचा असतो, त्याला गुलाब तुरा म्हणतात. ब्राह्मा जातीचा तुरा बुटका, तीन समांतर ओळींचा. तो वाटाणा तुरा. दोघांचा संकर केला तर पिल्लांच्या डोक्यावर दोन्हींपैकी एकही येत नाही. सुरकुतलेला, अर्ध्या अक्रोडासारखा फुगीर तुरा येतो. या अक्रोड तुऱ्याच्या पक्ष्यांचा आपसात संकर केला की पुढच्या पिढीत नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि सोळात एक असा तुरा, जो आई-वडिलांत नव्हता आणि आजोळातही नव्हता: लेगहॉर्न कोंबड्याचा असतो तसा करवतीच्या दात्यांचा, उभा, एकेरी तुरा.

आकडे मेंडेलचेच, पण त्यांचा अर्थ बदलला. वाटाण्यात ९:३:३:१ आलं ते दोन वेगळ्या गुणांचं मिळून. इथे गुण एकच, तुऱ्याचा आकार, आणि तो घडवणारी जनुकं दोन. ‘एक जनुक, एक गुण’ ही बाळबोध समजूत इथे उघड्यावर पडली. आज या दोन जनुकांचं काम डीएनएच्या पातळीवर माहीत आहे. वाटाणा तुऱ्यात सॉक्स-५ या जनुकातला एक तुकडा अनेक पटींनी वाढलेला आढळला. गुलाब तुऱ्यात सातव्या गुणसूत्राचा एक भाग उलटा बसलेला सापडला. दोन्ही बदल गर्भाच्या डोक्यावरच्या त्याच ऊतीत, नको त्या वेळी, जनुकं चालू करतात. एकाच मातीला दोन हात लागले, तर आकार दोघांचा मिळून होणार.

दुसरी गोष्ट स्वीट पीची. पुण्याकडच्या बंगल्यांच्या कुंपणांवर थंडीत ही फुलं वेलीवर येतात. बेटसन आणि पनेटने पांढऱ्या फुलांच्या दोन शुद्ध जातींचा संकर केला. पांढरं गुणिले पांढरं, पांढरंच यायला हवं. आली ती सगळी जांभळी. त्यांच्या पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी यांचं प्रमाण नऊस सात. सोळा घरं तीच होती. फक्त तीन, तीन आणि एक ही तिन्ही घरं मिळून एकाच पांढऱ्या गठ्ठ्यात पडली.

इथे मला गुऱ्हाळाचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण वर्गात ते कधी फसलेलं नाही. ऊस चरकात जातो, रस निघतो, रस काहिलीत उकळतो, गूळ होतो. चरक हे एक जनुक, काहील हे दुसरं. दोन्ही ठीक असतील तरच गूळ पडतो. एका गुऱ्हाळाचा चरक मोडला, शेजारच्याची काहील फुटली, तर दोघांच्याही दारात गूळ नाही. पण एकाची काहील आणि दुसऱ्याचा चरक एकत्र आणला की गूळ सुरू. दोन पांढऱ्या फुलांपोटी जांभळं फूल आलं ते असं. प्रत्येक पांढऱ्या जातीत वेगळी पायरी मोडलेली होती.

रंगद्रव्य पायऱ्यापायऱ्यांनी तयार होतं आणि प्रत्येक पायरीवर एक विकर बसलेलं असतं, ही गोष्ट फुलांच्या बाबतीत पुढे नेली म्युरियल व्हेलडेलने. बेटसनच्या गटातली ही तरुणी रसायनही जाणत होती. स्नॅपड्रॅगनच्या फुलांची गुणोत्तरं मोजता मोजता ती अँथोसायनिन या रंगद्रव्याच्या जडणघडणीपर्यंत पोहोचली आणि १९१६ साली तिने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जनुक आणि विकर यांची सांगड घालण्याचं श्रेय आपण बीडल आणि टेटम यांच्या १९४१ च्या बुरशीवरच्या प्रयोगांना देतो, आणि ते योग्यच आहे. पण व्हेलडेलचं नाव त्यांच्या आधी घ्यायला हवं, आणि ते फार कमी वेळा घेतलं जातं.

माणसातही नऊस सातचा हाच न्याय लागू होतो. जन्मजात बहिरेपणाला कारण होऊ शकणारी शंभराहून जास्त जनुकं आज माहीत आहेत. दोन कर्णबधिर व्यक्तींचं लग्न झालं आणि दोघांत वेगवेगळ्या अप्रभावी जनुकाचा दोष असेल, तर त्यांची सगळी मुलं ऐकू शकतात. दोष एकाच जनुकात असेल, तर एकही नाही. आनुवंशिक सल्ल्याला आलेल्या जोडप्याला ‘तुम्ही दोघेही बहिरे, म्हणून मूलही’ असं सांगणं म्हणूनच अन्यायाचं आहे. आधी मोडलेली पायरी कोणती ते तपासायला हवं.

गुऱ्हाळाकडे पुन्हा येऊ, कारण त्यात एक बारकावा राहिला आहे. आपण फक्त ‘गूळ आहे की नाही’ एवढंच विचारलं तर उत्तर ९:७ येतं. पण जरा वाकून पाहिलं, तर चरक ठीक आणि काहील फुटलेली अशा तीन घरांत रस दिसतो आणि चरकच मोडलेल्या चार घरांत नुसता ऊस. उत्तर होतं ९:३:४. कारखाना तोच, सोळा घरं तीच, फक्त पाहणाऱ्याची नजर बारीक झाली. चरक मोडला असेल तर काहील चांगली की वाईट ते कळायला मार्गच नसतो. पहिल्या पायरीचा दोष दुसऱ्या पायरीचं सगळं झाकून टाकतो. अशा झाकण्याला बेटसनने ‘एपिस्टॅटिक’ हा शब्द योजला, त्यावरून एपिस्टॅसिस. प्रभावी-अप्रभावी ही एकाच जनुकाच्या दोन रूपांतली गोष्ट असते. एपिस्टॅसिस दोन वेगळ्या जनुकांतली. परीक्षेत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

लॅब्रॅडॉर कुत्र्याइतकं ९:३:४ चं सोपं उदाहरण दुसरं नाही. एक जनुक रंगद्रव्य काळं की चॉकलेटी ते ठरवतं. दुसरं ते गडद रंगद्रव्य केसांत उतरू द्यायचं की नाही ते ठरवतं. ते मोडलं की कुत्रा पिवळा. संकरात नऊ काळी, तीन चॉकलेटी, चार पिवळी. पण सकाळी फिरायला आलेल्या पिवळ्या लॅब्रॅडॉरपुढे बसून त्याचं नाक पाहावं. काहींचं नाक काळं, काहींचं तपकिरी. केसांत दडलेलं पहिलं जनुक नाकावर उघडं पडलेलं असतं. केस आणि नाक दोन्ही लक्षात घेऊन मोजलं की पिवळ्या चार घरांचे तीन आणि एक असे दोन गट पडतात, आणि मेंडेलचं ९:३:३:१ जसंच्या तसं परत येतं. ते कुठे गेलेलंच नसतं.

बाकीची गुणोत्तरं यावरून आपोआप उलगडतात, म्हणून त्यांवर फार रेंगाळत नाही. भोपळ्याच्या एका संकरात पांढरी, पिवळी आणि हिरवी फळं १२:३:१ येतात; तिथे झाकणारं जनुक प्रभावी असतं. चकतीसारखी, गोल आणि लांबट फळं ९:६:१ येतात. तिथे दोनपैकी कोणतंही एक जनुक सारखाच परिणाम करतं आणि दोन्ही मिळून तिसराच. पोल्ट्रीत सर्रास दिसणारी पांढरी लेगहॉर्न आणि पांढरी वायनडॉट यांच्या संकरातून १३:३ येतं. लेगहॉर्नचा पांढरेपणा रंग नसल्यामुळे आलेला नाही. रंगाचं जनुक तिच्यात असतं, पण त्याला रोखणारं दुसरं प्रभावी जनुकही असतं. सोळातली तीनच पिल्लं अशी निघतात, ज्यांच्यात रंग आहे आणि रोखणारा नाही.

गव्हाचं उदाहरण मात्र वेगळ्या दिशेला घेऊन गेलं. स्वीडनमधल्या स्वालोफच्या केंद्रात हेर्मान निल्सन-एहले तांबड्या आणि पांढऱ्या दाण्यांच्या गव्हाचे संकर करत होता. कधी तीनास एक, कधी पंधरास एक, तर एका संकरात त्रेसष्टास एक. १९०९ साली त्याने याचा अर्थ मांडला. तांबडेपणाची तीन जनुकं आहेत, तिन्ही एकच काम करतात, एक जरी असलं तरी दाणा तांबडा होतो, आणि जितकी जास्त तितका गडद. तीन काहिली शेजारी शेजारी लागलेल्या आहेत. गूळ अजिबात नसायला तिन्ही फुटाव्या लागतात. तीन जनुकांच्या चौसष्ट घरांत असं घर एकच. मेंडेलच्या घेवड्याचं कोडंही याच जातीचं होतं.

इथून पुढची पायरी रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये गणिताने घेतली. तीनाऐवजी शेकडो जनुकं धरली आणि प्रत्येकाचा वाटा छोटासा, तर वेगवेगळे गट दिसेनासे होतात आणि एक सलग घंटाकृती आलेख उरतो. माणसाच्या उंचीचा असतो तसा. उंचीसारखे गुण मेंडेलच्या नियमात बसत नाहीत, हा तोवरचा मोठा वाद या एका निबंधाने मिटवला. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएवरून उंचीशी जोडलेली १२,१११ ठिकाणं सापडली.

इथे एक सावधगिरी. गुणोत्तर बिघडलं की प्रत्येक वेळी जनुकांची आंतरक्रियाच असते असं नाही. फ्रान्समध्ये ल्युसिएन क्वेनोला पिवळ्या उंदरांत दोनास एक मिळत होतं. कारण निघालं असं की पिवळेपणाचं जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लू जन्माआधीच मरतं; चौथं घर मोजणीला पोहोचतच नाही. हे एकाच जनुकाचं काम. बेटसन आणि पनेटच्याच स्वीट पीमध्ये फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार एकत्र मोजले तर ९:३:३:१ पार विस्कटलं, कारण ती दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ होती आणि सोळा घरांची समान वाटणी झालीच नव्हती. थोडक्यात, वाटणी बिघडणं, घर रिकामं राहणं आणि घरं एकमेकांत मिसळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरक्रिया म्हणजे तिसरी.

आता मुंबईच्या त्या नळीकडे परत यायला हरकत नाही, कारण ती उलगडायला लागणारं सगळं हातात आलं आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची साखळी असते. एच जनुकाचं विकर तिच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसवतं. हेच एच द्रव्य. त्यावर ए जनुकाचं विकर एक साखर चढवतं किंवा बी जनुकाचं विकर दुसरी. ओ गटात वर काहीच चढत नाही, एच उघडं राहतं. एच जनुक दोन्ही बाजूंनी मोडकं आलं तर टोकाला फ्युकोज बसत नाही, आणि मग ए किंवा बीच्या विकराला काम करायला जागाच उरत नाही. चरक मोडला, काहील थंड. हे एच जनुक, म्हणजे एफयूटी-१, एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि एबीओ जनुक नवव्यावर, त्यामुळे दोघांची वाटणी अगदी स्वतंत्र होते. अशा माणसाच्या शरीराला एच परकं असतं, म्हणून त्याचं सीरम ओ पेशींनाही शत्रू समजतं.

समजा, पती-पत्नी दोघांचा गट एबी आणि दोघांकडे एच जनुकाची एक प्रत चांगली, एक मोडकी. पुस्तकी नियमाने त्यांना ए, बी किंवा एबी गटाचीच मुलं होतील. ओ शक्य नाही. प्रत्यक्षात सोळा घरं मांडली तर तीन ए, सहा एबी, तीन बी आणि चार ओसारखी दिसणारी. चारात एक मूल असं, ज्याच्या कार्डावर साध्या तपासणीत ‘ओ’ लिहिलं जाईल. उलटही घडतं. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला, जिथे ओ वाटणाऱ्या स्त्रीकडून अपत्याला बी जनुक मिळालं होतं. तिच्यात ते होतंच, फक्त दडलेलं होतं.

रक्तगटाचा धडा झाला की मुलं घरच्यांचे गट विचारून येतात. दर काही वर्षांनी एखादं पोर तास संपल्यावर मागे थांबतं आणि वही पुढे करून हळू आवाजात म्हणतं, सर, आमच्या घरचं जुळत नाही. त्या क्षणी शिक्षकाच्या तोंडून काय निघतं त्यावर एका घराची शांतता अवलंबून असते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कुणाचा तरी गट चुकीचा नोंदला गेलेला असतो. क्वचित एखादा दुर्मीळ उपप्रकार असतो. त्याहून क्वचित बॉम्बे गट. पण मला ठामपणे म्हणायचं आहे की फळ्यावरच्या चार ओळींच्या तक्त्यावरून कुणाच्या आईबद्दल शंका घेण्याचा अधिकार विज्ञान कुणालाही देत नाही. तो तक्ता ‘एच ठीक आहे’ असं गृहीत धरून काढलेला आहे, आणि हे वाक्य तक्त्याखाली छापलेलं सहसा नसतं.

हा गट भारताबाहेर फारच विरळ. युरोपात दहा लाखांत एक असा अंदाज दिला जातो. मुंबईतल्या एका पाहणीत मात्र प्रमाण ७६०० लोकांत एक आलं होतं, आणि देशासाठी साधारण दहा हजारांत एक असं सांगतात. मोडकं एच जनुक आपल्याकडे मुळात जास्त आहेच. त्यात जवळच्या नात्यातल्या लग्नांनी भर पडते. मामाच्या मुलीशी लग्न झालं की एकाच पूर्वजाकडून आलेली मोडकी प्रत दोन्ही बाजूंनी एका मुलात येण्याची शक्यता वाढते.

जनुकांची ही देवाणघेवाण नेहमी झाकण्याचीच असते असं नाही. कधी एक जनुक दुसऱ्याच्या घावाची धार कमी करतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा घरोघरचा शब्द आहे. आजाराचं मूळ बीटा-ग्लोबिन जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात असतं, तरी एकच बदल असलेल्या दोन भावंडांत एक वारंवार दवाखान्यात दाखल होतं आणि दुसरं बऱ्यापैकी निभावून नेतं. अल्फा-ग्लोबिनची एखादी प्रत कमी असेल तर पेशीत सिकल हिमोग्लोबिनची दाटी कमी होते. गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही तयार होत राहिलं तर पेशी वाकड्या होणं लांबतं. भारतातल्या सिकल रुग्णांत हे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन सरासरीने जास्त आढळतं. त्यावरून ‘आपल्याकडचा सिकल सौम्य’ अशी समजूत झाली. पण नागपूर भागातल्या मुलांना होणारा त्रास पाहिला तर त्या समजुतीवर विसंबून चालत नाही.

हे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद करणारा खटका म्हणजे बीसीएल-११ए हे दुसऱ्या गुणसूत्रावरचं जनुक. रक्ताच्या मूळ पेशींत तो खटका क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बिघडवायचा, म्हणजे जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं, असा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मंजूर केला. आजाराच्या जनुकाला हात न लावता दुसऱ्याच जनुकाकडून आजार आवरायचा. कर्करोगातही हाच विचार आहे. ब्रॅका जनुक मोडलेल्या पेशी डीएनएच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या वाटेवर अवलंबून असतात. ओलापॅरिबसारखं औषध ती वाटही बंद करतं. एक वाट बंद असली तर पेशी जगते, दोन्ही बंद झाल्या की मरते. हे औषधाने घडवलेलं पंधरास एकच आहे. सिकलचा तो उपचार मात्र आज गडचिरोलीच्या मुलापर्यंत पोहोचण्याच्या किमतीत नाही, आणि याची बोच आपल्याला असायला हवी.

मग अशा आंतरक्रिया किती? यीस्टवर कॅनडातल्या चार्ल्स बून यांच्या गटाने सहकाऱ्यांसह हे मोजलं. २०१६ पर्यंत त्यांनी दोन दोन जनुकं बिघडवलेल्या दोन कोटी तीस लाखांहून अधिक जोड्या तपासल्या आणि जवळपास दहा लाख आंतरक्रिया नोंदवल्या. जेमतेम सहा हजार जनुकांच्या एका पेशीत! उलट बाजूने, उंचीसारख्या गुणांचा हिशोब करणारे म्हणतात की लोकसंख्येतला बहुतांश फरक नुसत्या बेरजेने समजतो, आंतरक्रियेची फार गरज पडत नाही. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, आणि माझ्या मते आहेत. विरळ जनुक पेशीत कितीही मोठी उलथापालथ करत असलं, तरी लाखो लोकांच्या सरासरीत ते बुडून जातं. बॉम्बे गट नसता तरी मुंबईच्या रक्तगटांची टक्केवारी पहिल्या दशांशातही हलली नसती. पण ज्याच्यासाठी पिशवी जुळत नाही, त्याच्यापुढे सरासरीला काही अर्थ नाही. वंशगुणांवरून माणसाचं भविष्य सांगणाऱ्या चाचण्या आता बाजारात आल्या आहेत. त्या बहुतेक बेरजेवर चालतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा.

रक्तपेढीत मात्र रात्री हा वाद कुणी घालत नाही. बॉम्बे गटाचा रुग्ण सापडला की नोंदवहीतल्या दात्यांना फोन जातात, आणि त्याच वेळी नातेवाइकांना विचारलं जातं, सख्खी भावंडं किती? कारण ए, बी, ओचा गुंता कितीही असला तरी एकट्या एच जनुकाचा हिशोब मेंडेलचा साधाच आहे. आई-वडील दोघांकडे एक एक मोडकी प्रत असेल, तर प्रत्येक भावंडाला बॉम्बे गट असण्याची शक्यता चारात एक. मोठा भाऊ येतो, धाकटी बहीण येते. दोघांच्या पेशींत उलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांपासून काढलेलं अँटी-एच घालतात. हे काटेरी झुडूपही वाटाण्याच्याच कुळातलं. भावाच्या नळीत लगेच गोळा होतो. बहिणीची नळी तंत्रज्ञ उजेडापुढे धरून हलकेच हलवतो, आणि तळाच्या पेशी धुरासारख्या सुटून वर येतात.